फायरवॉलचं कोटेशन कसं वाचायचं? (दहावीच्या 'अर्थनियोजन' धड्यासाठी एक खरंखुरं उदाहरण)



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हे तर कंपन्यांचं काम, आपल्या शाळेला काय त्याचं? मलाही तसंच वाटायचं. पण गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या खुलताबादच्या शाळेत जे झालं त्यानंतर हा विषय मी नीट शिकलो, मग मुलांना शिकवला. आता तुमच्यासमोर ठेवतो.

दहावीच्या परीक्षेचे अर्ज ऑनलाइन भरायचं काम चालू होतं. सकाळी अकराच्या सुमारास ऑफिसमधलं इंटरनेट बंद पडलं. आमच्याकडे रस्त्याचं खोदकाम निघालं की फायबर तुटते, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. लाइनवाल्याला फोन केला, तो येऊन बघून गेला आणि म्हणाला, "सर, लाइन तर एकदम ओके आहे." मग लिपिकांनी स्वतःच्या मोबाईलचं हॉटस्पॉट लावून दोन दिवस अर्ज भरले. मुलं खिडकीबाहेर रांगेत, आत रेंज येते-जाते, आणि शेवटची तारीख जवळ. तिसऱ्या दिवशी शहरात नोकरी करणारा आमचा एक माजी विद्यार्थी गावी आला होता, त्याने लॅपटॉप थेट लाइनला जोडला तर इंटरनेट धो-धो चालू! अडत होतं ते भिंतीवरच्या एका छोट्या पांढऱ्या पेटीत. ती पेटी म्हणजे आमचा फायरवॉल. त्याचं तीन वर्षांचं लायसन्स संपलं होतं.

कंपनीने आठवणीचे ईमेल पाठवले नव्हते का? पाठवले होते, एक नाही, चांगले सात-आठ. पण ते जात होते आमच्या संगणकाच्या सरांच्या ईमेलवर, आणि सर दीड वर्षापूर्वी संस्थेच्या दुसऱ्या शाळेत बदलून गेलेले. पेटी बसवली तेव्हा त्यांचाच पत्ता दिला होता. म्हणजे चूक आमचीच, कंपनीची नाही. अट कोटेशनच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेली होती. आम्ही फक्त पहिलं पान वाचलं होतं.

पुढच्या आठवड्यात पालक-शिक्षक संघाची सभा झाली. ती पेटी पालकांच्या वर्गणीतूनच घेतलेली असल्याने हिशोब देणं भाग होतं. मी रिन्यूअलचा आकडा सांगितल्यावर चहाचं हॉटेल चालवणारे एक पालक उभे राहिले आणि म्हणाले, "सर, पेटी तर आपण विकत घेतली ना? आपलीच आहे ना? मग हे भाडं कशाचं?"

मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे त्यांना दिलेलं उशिराचं उत्तर आहे.

वेशीवरचा राखणदार

आमच्या गावाला जुनी तटबंदी आहे, तिचे दरवाजे मुलं रोज बघतात. त्यामुळे फायरवॉल समजावणं मला सोपं गेलं. दरवाजावर एक राखणदार बसवला आहे असं समजा. बाहेरून येणारा कोण, आतून जाणारा कोण, कुणाला सोडायचं, कुणाला अडवायचं हे तो ठरवतो आणि वहीत नोंद करतो. शाळेच्या इंटरनेटच्या दारावर हेच काम करणारी पेटी म्हणजे फायरवॉल.

आता 'क्लाउडवरून चालणारा' म्हणजे काय? राखणदार आपल्या वेशीवरच बसतो, पण त्याला हुकूम दूरच्या कचेरीतून येतात. नियम बदलायचे तर पेटीपाशी जायचं नाही. कुठूनही ब्राउझर उघडायचं, कंपनीच्या पानावर लॉगिन करायचं, नियम बदलायचा. चोरांची नवी यादी, म्हणजे फसव्या वेबसाइटची, व्हायरसची, अश्लील साइटची यादी, तीही तिकडूनच येते. सोय मोठी आहे. एखाद्या संस्थेच्या दहा शाळा दहा गावांत असतील तर एकच माणूस मुख्य कार्यालयात बसून सगळ्या सांभाळू शकतो.

पण दूरची कचेरी फुकट चालत नाही. लायसन्स म्हणजे राखणदाराचा आणि कचेरीचा पगार. पेटीची किंमत हा वेगळा खर्च, पगार हा वेगळा.

ही पद्धत आपल्याला नवीन आहे असंही नाही. पुण्याच्या काटकर बंधूंचं क्विक हील आपल्यापैकी किती तरी जणांनी दुकानातून आणलं असेल. डबा एकदा घ्यायचा, पण की वर्षाची, आणि वर्ष संपलं की कोपऱ्यात लाल रंगाची सूचना. फरक एवढाच, की अँटिव्हायरसचं वर्ष संपलं तरी संगणक चालू राहायचा. त्यामुळे आपल्याला सूचनेकडे दुर्लक्ष करायची सवय लागली. हीच सवय आम्हाला नडली.

पगार थांबला की राखणदार काय करतो?

खरेदीआधी विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. आणि याचं उत्तर प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे.

सिस्कोची मेराकी घ्या. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधक विद्यार्थ्यांनी २००६ मध्ये ही कंपनी काढली, २०१२ मध्ये सिस्कोने ती १.२ अब्ज डॉलरला विकत घेतली. क्लाउडवरून नेटवर्क चालवायची पद्धत लोकप्रिय करण्यात तिचा मोठा वाटा. तिथे लायसन्सशिवाय पेटी चालत नाही. त्यांच्या नेहमीच्या लायसन्स पद्धतीत मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत मिळते, त्यानंतर पेटी इंटरनेट पुढे सोडणं बंद करते. हे त्यांनी लपवलेलं नाही, त्यांच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे हा राखणदार पगार थांबला की दरवाजा लावून घेतो आणि किल्ली घेऊन जातो.

फोर्टिनेटच्या फोर्टिगेटमध्ये तसं नाही. सदस्यता संपली तरी राखणदार दारावर उभा राहतो आणि साधे नियम पाळत राहतो. फक्त चोरांची नवी यादी येत नाही. पण इथेही एक खोच आहे: वेबसाइट चांगली की वाईट हे विचारायची सेवा बंद झाली, आणि त्या वेळी काय करायचं हे सेटिंगमध्ये आधी सांगून ठेवलेलं नसेल, तर तो गोंधळून सगळ्याच साइट अडवू शकतो.

युबिक्विटीच्या युनिफाय गेटवेला मूळ कामासाठी लायसन्स लागत नाही. जास्तीच्या सुरक्षेची वर्गणी ऐच्छिक आहे. आणि ओपीएनसेन्स किंवा पीएफसेन्ससारखं मुक्त सॉफ्टवेअर तर जुन्या संगणकावरही चालतं. ते फुकट आहे, पण त्या 'फुकट'कडे आपण पुढे येऊच.

यात कोण चांगलं, कोण वाईट असं मला म्हणायचं नाही. दरवाजा बंद करून घेणाऱ्या कंपनीचं म्हणणं असं, की जुन्या यादीवर पहारा दिल्याने खोटा विश्वास तयार होतो. त्यात तथ्य आहे. पण एखादी बँक आणि खुलताबादची एक शाळा यांना एकच माप कसं लागेल? बँकेत रिन्यूअलची तारीख बघायला पगारी माणूस असतो. आमच्याकडे तोच माणूस पोषण आहाराचा तांदूळही मोजतो.

मुलांना हे सांगताना मी देवगिरीचं उदाहरण दिलं. दौलताबादचा किल्ला आमच्या वाटेवरच, प्रत्येक मुलाची सहल तिथे झालेली. खंदक, अंधारी, एकच अरुंद वाट. पण १२९६ मध्ये अल्लाउद्दीनाचा वेढा पडला तेव्हा किल्ल्यात आणलेली पोती धान्याची समजून ठेवली होती आणि उघडल्यावर मिठाची निघाली, असं इतिहासात सांगतात. रामदेवरायाला तह करावा लागला. भिंतीला काहीच झालं नव्हतं. एक मुलगी पटकन म्हणाली, "सर, म्हणजे आपण पण पोती उघडून बघितली नाहीत." याहून चांगलं उत्तर मला सुचलं नसतं.

आता गणिताचा तास

दहावीच्या गणित भाग १ मध्ये 'अर्थनियोजन' हा धडा आहे, त्यात जीएसटी आहे. पुस्तकातली उदाहरणं टीव्ही, मिक्सर, दुकानदार अशी असतात. मी त्या जागी तीन कोटेशनं ठेवली. खालचे आकडे मी वर्गासाठी, गणित सोपं व्हावं म्हणून ठरवलेले आहेत, कुठल्या कंपनीचे दर नाहीत. तुम्ही तुमच्या हातातल्या कोटेशनचे आकडे घाला.

कोटेशन 'अ': पेटी ४०,००० रुपये, तीन वर्षांचं सक्तीचं लायसन्स ५४,००० रुपये. बेरीज ९४,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी (९ टक्के केंद्राचा, ९ टक्के राज्याचा) १६,९२०. एकूण १,१०,९२०.

इथे मुलांना थांबवून विचारा, हा जीएसटी शाळेला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून परत मिळेल का? धडा शिकलेली मुलं 'हो' म्हणतात, कारण पुस्तकातल्या व्यापाऱ्याला मिळतो. पण शाळा विद्यार्थ्यांना जे शिक्षण देते त्यावर जीएसटी माफ आहे. शाळा पुढे कर गोळाच करत नाही, मग वजावट कशातून घेणार? त्यामुळे १८ टक्के पूर्ण शाळेच्याच खिशातून जातात. कंपनी 'दर करांव्यतिरिक्त' असं लिहिते तेव्हा दुकानदार आणि शाळा यांच्यासाठी त्या ओळीचा अर्थ वेगवेगळा असतो. हा मुद्दा मला स्वतःला वर्गात शिकवतानाच नीट कळला.

पुढे चला. पेटी सहा वर्षं वापरायची असं धरू. चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला पुन्हा ५४,००० आणि जीएसटी ९,७२०, म्हणजे ६३,७२०. सहा वर्षांचे एकूण १,७४,६४०. भागिले ७२ महिने, महिन्याला साधारण २,४२६ रुपये. कोटेशनच्या पहिल्या पानावर मात्र ठळक अक्षरात काय दिसतं? ४०,०००.

कोटेशन 'ब': पेटी ६५,०००, सक्तीचं लायसन्स नाही. यादी ताजी ठेवायची ऐच्छिक वर्गणी वर्षाला १२,०००. पेटी जीएसटीसह ७६,७००. सहा वर्षांची वर्गणी ७२,००० अधिक जीएसटी १२,९६०, म्हणजे ८४,९६०. एकूण १,६१,६६०.

मुलांचा अंदाज होता की 'ब' निम्म्यात पडेल. फरक निघाला १२,९८० रुपयांचा, तोही सहा वर्षांत! वर्गात जरा शांतता झाली. मग मी विचारलं, "एखाद्या वर्षी वर्गणी गोळा झालीच नाही तर?" दुष्काळी वर्षात पालक पैसे देऊ शकत नाहीत हे आमच्या मुलांना सांगावं लागत नाही. 'अ' मध्ये पैसे चुकले की इंटरनेट बंद. 'ब' मध्ये पैसे चुकले की वर्षभर जुन्या यादीवर पहारा. दोन्हींची किंमत जवळजवळ सारखी असली तरी जोखीम सारखी नाही. कापसाचा भाव पडला की घरातला कुठला खर्च पुढे ढकलता येतो आणि कुठला नाही, हे घरी बघितलेल्या मुलांना हा भेद लगेच समजला.

कोटेशन 'क' मुलांनीच सुचवलं: लॅबमधला जुना संगणक आणि मुक्त सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअर शून्य रुपये, जास्तीचं नेटवर्क कार्ड ३,००० धरलं. एक मुलगा म्हणाला, "सर, लाइट?" जुना संगणक ६० वॅट खातो असं धरलं. तो चोवीस तास, ३६५ दिवस चालणार, म्हणजे वर्षाला ५२५.६ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ५,२५६ रुपये, सहा वर्षांचे ३१,५३६. तरीही तिघांत सगळ्यात स्वस्त. पण ते बसवणारा आणि बिघडल्यावर बघणारा माणूस कोण? तो माजी विद्यार्थी दर वेळी गावी असेलच असं नाही. त्या माणसाचा खर्च कोटेशनवर येत नाही, म्हणून तो शून्य असतो असं नाही.

एकाच दिवशी संपणारी लायसन्सं

एक गोष्ट समजायला मला दोन दिवस लागले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मेराकीच्या त्याच पद्धतीत संस्थेच्या सगळ्या पेट्यांची लायसन्सं एकाच तारखेला संपतात. समजा, एका शाळेच्या पेटीचं १२ महिन्यांचं लायसन्स शिल्लक आहे. संस्थेने दुसऱ्या शाळेसाठी तशीच पेटी ३६ महिन्यांच्या लायसन्ससह घेतली. आपल्याला वाटतं, नवी पेटी तीन वर्षं चालेल. पण दोन्हींचे मिळून ४८ पेटी-महिने झाले, ते दोन पेट्यांत वाटले, प्रत्येकी २४. पहिल्या पेटीची मुदत वाढली, दुसरीची घटली. पैसे कुठे बुडाले नाहीत, फक्त तारीख सरकली. पेट्या वेगवेगळ्या मॉडेलच्या असतील तर महाग लायसन्सचं वजन जास्त धरलं जातं. म्हणजे सरळ भारित सरासरी!

संस्थाचालकांनी याचा एक व्यावहारिक अर्थ लक्षात घ्यावा: रिन्यूअलचं बिल सगळ्या शाळांचं एकदम येतं. आणि पेट्या जास्त, लायसन्सं कमी अशी अवस्था झाली तर सवलतीचे दिवस संपल्यावर पूर्ण संस्थेवर परिणाम होतो, एकट्या शाळेवर नाही.

तसंच लायसन्स बऱ्याचदा मॉडेलला बांधलेलं असतं. उद्या जास्त वेगाची लाइन घेतली आणि पेटी कमी पडू लागली, तर मोठी पेटी आणि तिचं मोठं लायसन्स असा खर्च पुन्हा येतो. पेटीच्या माहितीपत्रकात वेगाचे दोन-तीन आकडे असतात. त्यातला सगळ्यात मोठा बघू नका. सगळी सुरक्षा चालू असतानाचा आकडा बघा, तो बराच खाली असतो.

पण मुळात लागतो का?

पालकांच्या सभेतला हा दुसरा प्रश्न. प्रामाणिकपणे सांगायचं तर प्रत्येक शाळेला नाही.

समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान बघा. सरकारी शाळेत ३१ ते १०० मुलं असतील तर वर्षाला २५,०००, आणि २५१ ते १००० मुलं असतील तर ७५,००० पर्यंत. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे, उरलेल्यात खडू, वीजबिल, दुरुस्ती, सगळं. आमच्या वर्गातल्या 'अ' कोटेशनचं रिन्यूअल वर्षाला २१,२४० पडतं. मोठ्या शाळेच्या अनुदानाचा तो २८ टक्के आणि लहान शाळेच्या अनुदानाचा तब्बल ८५ टक्के भाग होतो. दोन संगणक आणि एक टीव्ही असलेल्या वस्तीशाळेने या फंदात पडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे साध्या राउटरमध्ये डीएनएसचा पत्ता बदलला तरी बरंच काम होतं. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ हा पत्ता फुकट आहे, तो फसव्या आणि अश्लील साइट अडवतो. राउटरचा मूळ पासवर्ड बदला आणि ऑफिसचं वायफाय मुलांच्या वायफायपासून वेगळं ठेवा. एवढं एका दुपारचं काम आहे.

ज्या शाळेत संगणक लॅब आहे, ऑफिसमध्ये मुलांच्या आधार आणि बँक खात्यांची माहिती आहे, तिथे राखणदार हवा. समग्र शिक्षात आयसीटी लॅबसाठी ६.४० लाखांपर्यंत एकदाचं आणि २.४० लाखांपर्यंत दरवर्षीचं अनुदान आहे, पण दरवर्षीचं पाच वर्षांपुरतंच. म्हणून लॅब मिळाली की सहाव्या वर्षाचा प्रश्न पहिल्याच वर्षी विचारा. श्रीमंत देशांतही हा प्रश्न सुटलेला नाही. अमेरिकेत शाळांच्या इंटरनेटसाठी ई-रेट नावाची योजना आहे, ती साध्या फायरवॉललाच पैसे द्यायची. पुढच्या दर्जाच्या सुरक्षेसाठी २०२४ मध्ये तिथल्या सरकारला तीन वर्षांची, २० कोटी डॉलरची वेगळी प्रायोगिक योजना काढावी लागली. तीन वर्षांनंतर काय, हा प्रश्न त्यांनाही आहेच.

पालकांसाठी एक वेगळी गोष्ट. शाळेत फायरवॉल आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. हल्ली बहुतेक साइट कुलूपबंद असतात, राखणदाराला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतलं पत्र नाही. यूट्यूब सोडायचं की अडवायचं एवढं तो ठरवू शकतो. आत कुठला व्हिडिओ चालू आहे हे त्याला सहजी कळत नाही. आणि मुलाच्या हातातल्या मोबाईलचा डेटा पॅक तर आमच्या वेशीतून जातच नाही. आणखी एक, क्लाउडवरच्या वहीत कोणत्या संगणकावरून काय उघडलं याच्या नोंदी असतात. ती वही कुठे ठेवली आहे, कोण वाचतं, किती दिवसांनी फाडतात, हे शाळेला विचारायचा तुम्हाला हक्क आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची वेगळी तरतूद आहे.

आम्ही काय केलं

रिन्यूअल केलं, पण एकाच वर्षाचं. तीन वर्षांचं घेतलं असतं तर वर्षाला स्वस्त पडलं असतं, हे मान्य. पण पेटी तीन वर्षं जुनी झालीच होती, आणि कंपनी तिला आधार कधीपर्यंत देणार ही तारीख वेंडरने लेखी दिली नाही. वर्षभरात 'ब' सारखी पेटी घ्यायची की 'क' करून बघायचं हे संघाची सभा ठरवेल. लॅबच्या एका कोपऱ्यात दोन मुलं त्या माजी विद्यार्थ्याच्या मदतीने 'क' चा प्रयोग करतच आहेत.

कंपनीकडचा ईमेल आता शाळेच्या नावाचा आहे, त्याचा पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात. लायसन्सची तारीख पेटीवर ऑइलपेंटने लिहिली आहे आणि ऑफिसच्या फळ्यावर, सुट्ट्यांच्या यादीच्या वर. चहाच्या हॉटेलवाल्या पालकांना मी मुलांची आकडेमोड दाखवली. त्यांनी सगळी वाचली, मग म्हणाले, "म्हणजे गॅसची शेगडी आणि सिलेंडर. असं सांगितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं की सर."

तुमच्या वर्गासाठी एक उदाहरण देऊन ठेवतो. एका संस्थेकडे एकाच मॉडेलच्या दोन पेट्या आहेत, दोन्हींच्या लायसन्सचे १० महिने शिल्लक आहेत. तशीच तिसरी पेटी ३६ महिन्यांच्या लायसन्ससह घेतली. तिन्हींची मुदत आजपासून किती दिवसांनी संपेल? (महिना ३० दिवसांचा धरा. उत्तर: १८ महिने २० दिवस, म्हणजे ५६० दिवस.)